त्यांची भिंत उभी राहू द्या, म्हणालीस

रिबेका,

तू गेल्याचं मला एका पोलिसाने सांगितलं. तुझ्या फ्रिजवर माझा नंबर चिकटवलेला होता, त्यावरून त्याने फोन केला. पेपर अंगणात तसाच पडून राहिलेला बघून शेजारणीने त्यांना बोलावलं होतं. तो बिचारा सांभाळून, हळू बोलत होता. मी त्याला मध्येच तोडून विचारलं, "कोणी केलं?"

तो मग म्हणाला, "मॅडम, कोणी काही केलेलं नाही. त्या झोपेत गेल्या. हार्ट."

मी विचारलं, दार आतून बंद होतं का? होतं. खिडक्या? सगळ्या बंद. पुढच्या दाराच्या मुठीखाली खुर्ची तिरकी लावून ठेवली होती, म्हणून त्यांना मागच्या दाराने शिरावं लागलं, म्हणाला. तरी मी पुन्हा विचारलं, "नक्की ना?"

साठीसुद्धा न गाठलेली एक प्राध्यापिका झोपेत जाते आणि तिच्या मैत्रिणीच्या मनात पहिल्यांदा येतो तो खुनाचा संशय. आपण गेली काही वर्षं कशी काढली ते यापेक्षा वेगळं काय सांगू?

दफनाच्या दिवशी तुमच्या धर्मगुरूने, राबायने, मला विचारलं, तुम्ही दोन शब्द बोलाल का. मी बोलले, पण मराठीत. हक्क, सुरक्षा, द्वेष, समाज, हे सगळे इंग्रजी शब्द इथल्याच माणसांनी तुझ्यावर इतके फेकले होते की मला ते तोंडात घ्यावेसे वाटेनात. माझी लेक केतकी सांता क्लाराहून रात्रीच्या विमानाने आली होती. तिच्याशिवाय कुणाला काही कळलं नाही. थंडी होती, लोक ताटकळले होते, मी घाईत बोलले आणि निम्मं तसंच राहिलं. ते आता बोलते.

आपली ओळख शिकागोजवळच्या शॉमबर्गच्या गणपतीत झाली. शाळेचा हॉल भाड्याने घेतलेला, जेवणाची रांग जिन्यापर्यंत गेलेली. तुझ्या पुढे उभ्या असलेल्या एका काकूंनी आडनाव विचारलं. तू म्हणालीस, वाकरूळकर. "म्हणजे तुम्ही सीकेपी का?" तू पानात वरण घेत शांतपणे म्हणालीस, "ज्यू." काकूंना वाटलं ते गावाचं नाव. "जू? ते कुठे आलं, रोह्याकडे का?" तू म्हणालीस, "तिकडेच. दोन हजार वर्षांपूर्वी आमचं गलबत फुटलं अलिबागच्या किनाऱ्याला. तेव्हापासून आहोत." मी मागे उभी होते, हसू आवरेना. मग कळलं की आपण दोघी एकाच युनिव्हर्सिटीत आहोत, तू प्राणिशास्त्रात आणि मी कॉम्प्युटर सेंटरमध्ये, आणि एवढी वर्षं एकाच पार्किंगमध्ये गाड्या लावतोय. परतीचे तीन तास मक्याच्या शेतांमधून तू माझ्या गाडीत बोलत होतीस. मी तुला अहो-जाहो करत होते. तू म्हणालीस, "रेवदंड्याच्या माणसाला अहो म्हटलं की कुणीतरी मेल्यासारखं वाटतं. तू म्हण."

माशांची प्रोफेसर, जन्म रेवदंड्याचा, आणि कोळंबी खात नाही. मी किती चिडवायची तुला. "खवले नाहीत त्याला, आम्हाला चालत नाही," म्हणायचीस आणि माझ्या घरचं सुरमईचं तिखलं ओरपायचीस. शुक्रवारी संध्याकाळी तुझ्याकडे दिवा लागायचा. वर्षातून एकदा तू एलियाहू हनाबी या तुमच्या प्रेषिताच्या नावाने मलिदा करायचीस, पोहे, गूळ, ओला नारळ, वर फळांच्या फोडी, आणि केतकीला पहिला घास द्यायचीस. गावाकडच्या सवयीने सिनेगॉगला तू 'आमची मशीद' म्हणायचीस. अकरा सप्टेंबरनंतर एकदा किराणाच्या दुकानात मी तुला कोपराने ढोसलं होतं, "जरा हळू बोल."

आणि दर दिवाळीला आपलं भांडण ठरलेलं. मी पायरीवर रांगोळी काढून मध्ये स्वस्तिक रेखायची. तू वळसा घालून आत यायचीस. "वसू, आत काढ ना. रेवदंड्यात शेजारच्या दारावर हेच बघत मी मोठी झाले, मला काही होत नाही. पण इथल्या माणसाला तुझे चार ठिपके दिसत नाहीत." मी म्हणायची, "हजारो वर्षांचं चिन्ह एका राक्षसाने चोरलं म्हणून मी लपवू?" तू म्हणायचीस, "लपवू नकोस. आत काढ." त्यावर चकल्या खाऊन व्हायच्या, चहा व्हायचा, वाद पुढच्या वर्षावर जायचा.

मग दोन हजार दोनचा तो हिवाळा आला.

इराकच्या युद्धाची बोलणी सुरू होती. इस्रायलमध्ये बसमध्ये स्फोट झाल्याची बातमी आली की तू मांडीवर फोन घेऊन बसायचीस. तुझा भाऊ शालोम तिकडे दक्षिणेच्या एका गावात राहतो, कामाला बसने जायचा. त्याचा आवाज ऐकल्याशिवाय तू पाणीसुद्धा प्यायची नाहीस. त्याच बातम्यांमध्ये पॅलेस्टाइनमधली पाडलेली घरं असायची, ढिगाऱ्यावर बसलेल्या बायका असायच्या. तेही तू शेवटपर्यंत बघायचीस. चॅनल बदलताना मी तुला कधी पाहिलं नाही.

केतकी तेव्हा आपल्याच युनिव्हर्सिटीत दुसऱ्या वर्षाला होती. यास्मिन नावाची तिची मैत्रीण विद्यार्थ्यांच्या एका गटाची पुढारी होती. बाप पॅलेस्टाइनमधल्या रामल्लाहचा, मुलगी शिकागोची. बारीक चणीची, भराभर बोलणारी, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांतून नजर न काढणारी. त्यांना मधल्या हिरवळीवर आठवडाभर प्लायवुडची एक उंच भिंत उभी करायची होती, तिकडे इस्रायलने बांधायला घेतलेली भिंत कशी असते ते दाखवायला. परवानगी देणाऱ्या समितीत तू होतीस, कारण तुमच्या डिपार्टमेंटमध्ये दुसरं कुणी तयार नव्हतं. बाहेरून दबाव होता, देणगीदारांचे फोन येत होते. मतं निम्मी निम्मी झाली आणि तुझ्यावर येऊन थांबलं.

"त्यांची भिंत उभी राहू द्या," म्हणालीस.

त्या संध्याकाळी मी तुझ्या स्वयंपाकघरात तुझ्यावर खूप तापले होते. तू कांदा चिरत होतीस.

"तू नाही म्हणायला हवं होतंस."

"का?"

"कारण हे भिंतीवर थांबणार नाही. तुला माहितीये ते."

"माहितीये," तू म्हणालीस. "मला ती भिंत पटतही नाही. शालोमच्या बसमध्ये बॉम्ब घेऊन चढणारा त्या भिंतीवर कुठेच नसणार. पण मग मी तिच्यासमोर उभी राहून तसं सांगेन. बंदी घातली की माणसं बदलतात का गं? फक्त दिसेनाशी होतात. मला ती दिसलेली बरी."

"आणि त्यांना तू दिसतेस त्याचं काय?"

तू सुरी धुतलीस आणि म्हणालीस, "भात किती टाकू?"

पहिले दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी भिंतीवर एक पोस्टर लागलं. त्यात एक माणूस काढला होता, नाक चोचीसारखं, हातात रक्ताने भरलेला पेला, आणि मागे तुमचा तारा मोडून त्याचं हिटलरचं चिन्ह केलेलं. टोपी घातलेला एक ज्यू मुलगा समोरून जात होता. गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "भट्ट्या कमी पडल्या तुमच्यासाठी!" काही जण हसले. तू लॅबकडे जात होतीस, तुझ्या हातात जाळी होती. पुढचं मला केतकीने सांगितलं.

तू थेट यास्मिनसमोर गेलीस. "हे काढ."

"ते आम्ही लावलेलं नाही."

"मग काढायला सोपं आहे."

"तुम्हीच म्हणालात ना, प्रोफेसर, सगळ्यांना बोलू द्या?"

"म्हणाले. आता मी बोलतेय. तुझ्या आजोबांचं घर गेलं ते सांग, मी इथे उभी राहून ऐकेन. पण हे चित्र तुझ्या आजोबांचं नाही. हे युरोपातून आलंय आणि याने माणसं मारलीत. हे तुझ्या भिंतीवर राहिलं तर ती तुझी भिंत राहणार नाही."

गटातली मुलं आपसात भांडली. अर्ध्या तासाने यास्मिनने स्वतः ते पोस्टर काढलं. पण तोवर कुणीतरी फोटो घेतला होता. पोस्टर भिंतीवर, त्यापुढे बोट उगारलेली तू. दुसऱ्या दिवशी कॅम्पसच्या पेपरात पहिल्या पानावर. एका बाजूच्या लोकांना त्यात विद्यार्थ्यांना धमकावणारी बाई दिसली, दुसऱ्या बाजूला त्या भिंतीला परवानगी देणारी बाई.

फोन तेव्हापासून सुरू झाले. आधी शिव्या देणारे, मग काहीच न बोलणारे. मी तुझ्याकडे असताना एकदा वाजला तेव्हा तू मला ऐकवलास. पलीकडे कुणाचा तरी श्वास होता आणि मागे टीव्ही चालू होता. मला त्या टीव्हीची जास्त भीती वाटली. कुणीतरी आपल्या घरात सोफ्यावर निवांत बसून हे करत होतं.

आणि मग तुझं ऑफिसचं दार. काळा स्प्रे, हातभर मोठं हिटलरचं चिन्ह, खाली तुझ्या नावाच्या पाटीवर फुली.

त्या दुपारी डीनच्या ऑफिसने मला बोलावलं. मला वाटलं कॅमेऱ्याच्या रेकॉर्डिंगबद्दल असेल. डीनने टेबलावरून फोटो माझ्याकडे सरकवला. मोठ्या अदबीने म्हणाला, "तुमच्याकडे हे शुभ मानतात ना? आत्ताच तुमचा सण झाला. डॉक्टर वाकरूळकर मूळच्या भारतातल्या. एखाद्या भारतीय विद्यार्थ्याने शुभेच्छा म्हणून काढलं असण्याची शक्यता आम्हाला विचारात घ्यावी लागेल."

मी फोटो त्याच्याकडे परत सरकवला. मग म्हणाले, "आमचं स्वस्तिक सरळ उभं असतं, त्यात चार ठिपके असतात, आणि ते आम्ही कुंकवाने काढतो. हे तिरकं आहे, काळं आहे आणि एका ज्यू बाईच्या नावावर फुली मारून काढलंय. हे वाचायला भारतात जन्मावं लागत नाही."

"आम्ही फक्त सगळ्या शक्यता तपासतोय."

"तर मग माझं नाव लिहून घ्या. ही शक्यता मी नाकारतेय."

तुला सांगितलं तेव्हा तू आधी पोट धरून हसलीस. हसता हसता खुर्चीवर बसलीस. शेवटी म्हणालीस, "वसू, त्यांना ते पुसायचं होतं गं. दारावरचं नाही. तक्रारींच्या रजिस्टरमधलं."

दार कोणी रंगवलं ते कधीच कळलं नाही. अफवा मात्र लगेच निघाल्या. भिंतवाल्या मुलांनी केलं. गावातल्या पिकअपवाल्या गोऱ्या पोरांनी केलं. आणि आठवड्याभरात तिसरी आली, ती सगळ्यात टिकली. सहानुभूती मिळावी म्हणून तिनेच केलं. माझ्या ऑफिसमध्ये कॉफीच्या मशीनपाशी एक जण मला सहज विचारून गेला, "तुला काय वाटतं, तिने स्वतःच?"

आता युनिव्हर्सिटीला घाई झाली. हिरवळीवर निदर्शनं बंद करायचा नियम तयार झाला आणि त्यावर खुली सुनावणी ठेवली. तुझं नाव त्या मसुद्यात कारण म्हणून घातलं होतं. सभागृह भरून लोक बाहेर उभे होते. एका बाजूला यास्मिनचा गट, दुसऱ्या बाजूला ज्यू विद्यार्थी आणि तुमच्या सिनेगॉगची मंडळी, मध्ये पोलीस. तू जांभळी शाल घेतली होतीस. माइक तुझ्या उंचीला फार वर होता आणि तो खाली करायला कुणी पुढे आलं नाही. तू टाचा उंचावून बोललीस.

"माझ्या दारावर जे काढलं तो गुन्हा आहे. तो करणारा माणूस पोलिसांनी शोधावा. हिरवळीवर जे उभं होतं ते मत होतं. त्यातलं काही मला विषारी वाटलं, ते मी तोंडावर सांगितलं आणि ते उतरलं. या दोन्हींची एक मोट बांधू नका. आणि माझ्या नावाने नियम करू नका. मी तो मागितलेला नाही."

तुझ्या सिनेगॉगमधले एक म्हातारे गृहस्थ उठले. "ज्या मुलाला भट्टीत जा म्हणाले त्याला काय सांगतेस? तुझ्या आईला लाज वाटली असती." तू म्हणालीस, "त्या मुलाच्या शेजारी मी उद्याही चालेन. पण समोरच्यांची तोंडं शिवून नाही." दुसऱ्या बाजूने एक मुलगी ओरडली, "युनिव्हर्सिटीने तुम्हाला शोभेसाठी ठेवलंय!" मग कुणीतरी सुरुवात केली आणि एकेक रांग उठून तुझ्याकडे पाठ करून उभी राहिली. आधी एका बाजूची, मग दुसऱ्या बाजूची. रिबेका, त्या सभागृहात तेवढ्या एका गोष्टीवर त्यांचं एकमत झालं. तू सगळ्या पाठींशी बोलत तुझं म्हणणं पूर्ण केलंस.

केतकीने पाठ केली नाही. ती रडत तुझ्याकडे तोंड करून उभी होती. हे तुला त्या गर्दीत दिसलं की नाही, मी कधी विचारलं नाही.

नियम झालाच. हिरवळ बंद. निदर्शनं करायची तर आधी अर्ज द्यायचा, आणि जागा दिली ती बॉयलर-घराच्या मागे, कुंपण घातलेली, जिथे कुत्रंही फिरकत नाही.

त्यानंतर माशांचं झालं.

तुझे ते बोटभर मासे, डार्टर. वसंतात नर निळे-केशरी व्हायचे, लग्नाला निघाल्यासारखे. एकाच ओढ्यातून आणून तू त्यांच्या पिढ्यांवर पिढ्या वाढवल्या होत्यास. एका सकाळी तुझ्या विद्यार्थिनीने लॅब उघडली तर खोलीत ब्लीचचा वास भरलेला आणि सगळ्या टाक्यांमध्ये पांढरी पोटं वर आलेली. एकही टाकी सोडली नव्हती. कुलूप शाबूत होतं. म्हणजे ज्याने केलं त्याच्याकडे किल्ली होती, किंवा किल्ली असलेल्याने त्याला आत घेतलं होतं. हा विचार तुझ्या डोक्यात आला तो क्षण मी पाहिला. तू दाराकडे बघितलंस, मग खोलीत उभ्या असलेल्या प्रत्येकाकडे, माझ्याकडेसुद्धा. मला त्याचा राग आला नाही. भीती वाटली.

दुपारी केतकी यास्मिनला घेऊन आली. दारात दोघी उभ्या. तू म्हणालीस, "रबरी हातमोजे तिथे आहेत. बादली धर." तासभर आपण चौघी मेलेले मासे काढत होतो. शेवटच्या टाकीपाशी यास्मिनने विचारलं, "हे आमच्यातल्या कुणी केलं असं तुम्हाला वाटतं का?"

"मला माहीत नाही," तू म्हणालीस. "तुला वाटतं?"

ती पाण्याकडे बघत राहिली. मी मनात म्हणत होते, पोरी, लवकर नाही म्हण. ती म्हणाली, "मलाही माहीत नाही." आणि तिचा चेहरा एकदम लहान मुलीसारखा झाला. तू तिला घरी नेऊन जेवायला घातलंस. बोलता बोलता 'आमच्या मशिदीत' म्हणालीस तर ती घास हातात धरून तुझ्याकडे बघतच राहिली. मग तू समजावलंस, आणि त्या महिन्यात पहिल्यांदा कुणीतरी तुझ्या घरात हसलं.

परवानगी दिलेल्या भिंतीवरून तिच्यावरच शिस्तभंगाची कारवाई झाली तेव्हा तू तिच्या बाजूने साक्ष द्यायला गेलीस. उपयोग झाला नाही. तिला सहामाहीसाठी काढलं. त्याच सुमारास तिच्या वडिलांच्या दुकानात सरकारी माणसं चौकशीला आली, आणि ती पुन्हा या कॅम्पसवर आली नाही.

तिथे आपला खरा वाद झाला, तो मिटला नाही. मी म्हटलं, "बघ, मी सांगत होते. भिंतीवर थांबणार नाही. आधी पोस्टर, मग दार, मग मासे. पुढे काय?" तू म्हणालीस, "भिंत नसती तरी ते पोस्टर कुणाच्या तरी कपाटात असतंच, वसू. आणि मला ते कधी कळलं नसतं." मी म्हटलं, "आणि तुझे मासे जिवंत असते." तू उठून गेलीस. दुसऱ्या दिवशी माझ्याशी नेहमीसारखी बोललीस, पण तो विषय पुन्हा काढला नाहीस. मी अजून ठरवू शकलेले नाही. कधी वाटतं तुझंच खरं होतं. कधी ती पांढरी पोटं आठवतात आणि वाटतं, तुझं नको इतकं खरं होतं. आता हे भांडण मी कुणाशी भांडू?

नंतरची वर्षं बाहेरून साधी गेली. तुझ्या वर्गात एक सत्रभर कॅम्पसचा पोलीस मागच्या बाकावर बसला. एक मुलगा रोज येऊन तुझ्याकडे पाठ करून बसायचा. परीक्षेत तू त्याला बी प्लस दिलास, कारण पेपर तेवढाच होता. तू पुन्हा ओढ्यावर गेलीस, गुडघाभर पाण्यात उभी राहून नव्याने मासे धरलेस. फोन नंबर बदललास. व्हरांड्याचा दिवा दिवसाही जळायला लागला. दाराशी खुर्ची बघून मी विचारलं तर म्हणालीस, "कडी सैल झालीय." सुतार आणते म्हटलं तर विषय बदललास. आणि मला वचन द्यायला लावलंस: शालोमला यातलं काही सांगायचं नाही. "त्याला वाटतं मी सुरक्षित जागी आहे. एवढं एक त्याच्याजवळ राहू दे."

तुझ्यामुळे केतकी आज एका वकिलांच्या ऑफिसात लोकांच्या बोलण्याच्या हक्काच्या केसेस बघते, आणि एखादा अशील तिला किळसवाणा वाटला की मला फोन करून विचारते, "रिबेका मावशीने काय केलं असतं?" मी तिला सांगते, तिने केस घेतली असती आणि त्याला तोंडावर सुनावलं असतं. हे माझ्या पोटच्या पोरीला मी शिकवलेलं नाही. तू शिकवलंस. त्याचं ऋण मानते, आणि तिच्यासाठी घाबरतेही.

तुझ्या मातीला ते म्हातारे गृहस्थ आले होते, तुझ्या आईला लाज वाटली असती म्हणणारे. तुमच्या रीतीप्रमाणे फावडं उलटं धरून त्यांनी माती लोटली. तीनदा लोटली, धाप लागली तरी. माझ्याशी बोलले नाहीत. यास्मिनला केतकीने कळवलं होतं. ती आली नाही.

काल शालोमचा फोन आला. तुझा भाऊ इतकं जुनं, स्वच्छ मराठी बोलतो की आधी मला रेवदंड्याहूनच फोन आलाय असं वाटलं. थोडं रडला. मग म्हणाला, "वसुधाताई, एक विचारतो. पोलिसांनी मला त्या खुर्चीचं सांगितलं. तिला तिथे कुणी त्रास तर देत नव्हतं ना?"

मी वचन मोडलं, रिबेका. सगळं सांगितलं. भिंत, पोस्टर, दार, मासे, त्या पाठी.

मग तो म्हणाला, "आमच्या गल्लीत एक अरब गॅरेजवाला आहे. सज्जन माणूस, माझी गाडी तोच बघतो. मागच्या महिन्यात त्याच्या शटरवर कुणीतरी लिहिलं, अरबांना मरण. मोठ्या लाल अक्षरात. मी रिबेकाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिने विचारलं असतं, शालोम, मग तू काय केलंस?"

तुझ्या ऐवजी मीच विचारलं, "मग काय केलंत?"

"अजून काही नाही," तो म्हणाला. "रोज तिथून जातो. अक्षरं अजून तशीच आहेत."